उसाशेजारची जागा

मुक्कामाची जागा निवडायचं काम मला कुणी सांगू नये. देवीच्या यात्रेला गेलो, पोरांना घेऊन कुठे उतरलो, की मी पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, तुम्ही ठरवा. घरातले हसतात. एके काळी याच बाबतीत माझा तोरा काही कमी नव्हता. तो सुरतेबाहेर, चलथाणच्या अलीकडे एका उसाच्या कडेला उतरला.

त्या वर्षी गणपती बुडवले आणि आठवडा सरायच्या आत सुरतेत प्लेगची हाकाटी झाली. लिंबायतेत आमची एक खोली होती, शेजारच्या खोलीत मोठे दीर आणि जाऊबाई. आसपास सगळे खानदेशी आणि सगळे यंत्रमागावरचे. माग बंद पडले. माझी तीन वर्षांची मुलगी जन्मल्यापासून त्या खडखडाटात झोपलेली, तिला शांततेत झोप येईना. गल्लीतले लोक तोंडाला रुमाल बांधून, गाठोडी घेऊन स्टेशनकडे निघाले होते. शेजारच्या गल्लीत एक बाई सकाळी खोकत होती आणि संध्याकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. तिला कुठे नेलं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मला भीती वाटत होती.

गावाकडे जायचं ठरलं होतं, तेवढ्यात निरोप आला की सुरतेहून आलेल्यांना गावकरी वेशीच्या आत घेत नाहीत. मग दिरांनी त्यांचा टेम्पो काढला. एरवी त्यात साड्यांचे गठ्ठे जात, आता आम्ही दोन कुटुंबं बसलो. शहराबाहेर कुठेतरी मोकळ्यावर राहायचं, पोरांनी टेम्पोत झोपायचं, मोठ्यांनी ताडपत्रीखाली, आणि साथ ओसरली की परत यायचं. पण उतरायचं कुठे?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण माझे आईबाप ऊसतोडीचे. लग्न होईपर्यंत दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही याच भागात यायचो आणि उन्हाळा लागेपर्यंत पडावावर, टोळीच्या खोपटांत राहायचो. एरवी माहेरचा कोयता हा आमच्या घरात माझी जिरवायचा विषय होता. जाऊबाईंचे वडील शाळेत शिपाई होते, आणि हे त्या पोळ्या लाटतानाही विसरत नसत. त्या दिवशी मात्र माझा भाव वधारला.

जाऊबाईंचं म्हणणं होतं की रस्त्यालगत एक धाबा आहे, तिथे हातपंप आहे, माणसांची ये-जा आहे, तिथेच थांबू. मी नाक मुरडलं. धाब्याजवळ उघडा वारा आणि ट्रकची धूळ. माझ्या बापाने मला जागा बघायला शिकवलं होतं. आधी पाणी, मग जमिनीचा उतार, मग वारा कुठून येतो ते. आणि जमलं तर उभ्या उसाच्या कुशीत राहायचं, म्हणजे वारा अडतो, सावली मिळते, चुलीला पाचट मिळतं. मी टेम्पो आत घ्यायला लावला. कालव्याच्या काठाला थोडी उंच, कोरडी पट्टी होती आणि तिच्या पलीकडे डोक्यावर गेलेला ऊस. इतकी चांगली जागा टोळीच्या मुकादमालाही मिळाली नसती. ताडपत्री कशी ताणायची, चर कुठे खणायचा, हे मी सांगत होते आणि माझा नवरा आणि दीर मुकाट ऐकत होते. संध्याकाळी पोरं कालव्याकाठी खिदळली. मला त्या एका दिवसापुरतं खरंच सुख झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचट आणायला मी कोयता घेऊन उसात शिरले आणि पायाशी उंदीर दिसला. मेलेला. चार पावलांवर आणखी एक. सरीत तिसरा, अजून पाय झाडत असलेला.

मी तिथेच खाली बसले. उसात उंदीर असतात हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी आमच्या पायांवरून ते पळायचे आणि आम्ही हसायचो. उसातल्या माणसाला उंदराची भीती नसते, म्हणून जागा बघताना तो माझ्या हिशेबातच आला नव्हता. सगळं सुरत उंदरांना भिऊन पळत होतं आणि मी शहाणीने दोन घरची पोरं उचलून उंदरांच्या घराशेजारी आणून ठेवली होती. आणि आता तेही मरत होते.

मी कोयत्याने खड्डा केला आणि तिन्ही पुरले. हात राखेने घासले, पुन्हा घासले. मग पाचटाचा भारा घेऊन परत आले आणि चहा ठेवला. कुणाला काही बोलले नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो दिरांना सांगणार, दीर जाऊबाईंना, आणि मग माझं माहेर, माझा कोयता, माझी अक्कल, सगळं चव्हाट्यावर. मला प्लेगची भीती होती, पण खरं सांगते, जाऊबाईंच्या तोंडाची तेवढीच होती.

दुपारी मुलगी कडेवर आली आणि तिचं अंग मला कढत लागलं.

जाऊबाईंचं लक्ष होतंच. त्यांनी जवळ येऊन विचारलं, "पोरले ताप शे का?"

"नही. उन्हमा खेळनी," मी म्हटलं.

त्या भांडी घासायला गेल्या. मी मुलीच्या काखेत, जांघेत गाठ लागते का ते चाचपत होते. एकदा लागल्यासारखी वाटली, मग नाही वाटली. रात्री ती त्यांच्या दोन पोरांच्या मध्येच टेम्पोत झोपली. तिला उचलून माझ्याजवळ घ्यायला हवं होतं, पण घेतलं असतं तर का घेतलं हे सांगावं लागलं असतं. मी घेतलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सकाळी ताप उतरला होता. नाक गळत होतं, म्हणजे साधं पडसं. मी चुलीपाशी बसून घटाघटा पाणी प्यायले. तेवढ्यात उसाचा रखवालदार सायकल ढकलत आला. म्हातारा, बोलका गुजराती माणूस. कुठून आलात, किती दिवस, असं विचारून झालं आणि मग त्याने विचारलं की उसात मेलेले उंदीर दिसले का. शेजारी जाऊबाई होत्या, तरी मी मान हलवून हो म्हटलं.

"ए तो में दवा मूकी छे, बेन," तो म्हणाला. "लोटनी गोळी. छोकरांने आघां राखजो."

प्लेग नव्हता. औषध होतं. त्यानेच टाकलेलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याचं उरलेलं बोलणं मला त्यानंतर कळलं. पिठाच्या गोळ्या. पोरांना लांब ठेवा.

पोरं कुठे होती? ताडपत्रीपाशी नव्हती. टेम्पोत नव्हती. मी मुलीला हाक मारत उसाच्या कडेने धावले.

तिघं बांधावर गोल करून बसली होती. मध्ये एरंडाचं मोठं पान, आणि पानावर काळपट पिठाच्या गोळ्या नीट रांगेत मांडलेल्या. भातुकलीतले लाडू. माझी मुलगी यजमानीण झाली होती. तिने एक गोळी उचलून जाऊबाईंच्या धाकट्याच्या तोंडाशी नेली होती आणि त्याने तोंड उघडलं होतं.

मी तिच्या हातावर फटका मारला. गोळी मातीत पडली. मागून जाऊबाई आल्या, दीर आले, रखवालदार आला. तिन्ही पोरांची तोंडं उघडून हुंगली, बोटं हुंगली. थोरला रडत पुन्हा पुन्हा सांगत होता की घाण वास येतो म्हणून अजून कुणी खाल्लं नाही. तिघांचे हात मी कालव्यात धुतले, सोलून निघतील इतके. रखवालदाराने गोळ्या मोजल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या धरून आमच्या बाजूच्या सगळ्या आहेत म्हणाला. तरी दुपारपर्यंत आम्ही पोरांच्या तोंडाकडे बघत बसलो.

मग जाऊबाईंनी विचारलं, "उंदीर तुले कधय दिसनात?"

मी म्हटलं, काल सकाळी.

मी सगळ्या बोलण्याची तयारी ठेवली होती. कोयत्याची, माहेराची, अकलेची. पण त्या नुसत्या उठल्या. काल सकाळी मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी रखवालदाराला गाठून चौकशी केली असती आणि पोरांना उसाजवळ फिरकू दिलं नसतं. हे त्यांना कळलं होतं आणि मलाही. त्यांनी ताडपत्रीचे दोर सोडले, भांडी पोत्यात भरली, आपली दोन्ही पोरं टेम्पोत चढवली. मग माझ्या कडेवरची मुलगी काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर बसवली.

"आते जागा मी दखसू," त्या म्हणाल्या आणि टेम्पो धाब्याकडे घ्यायला लावला.

धाब्याजवळ आम्ही आणखी आठ दिवस राहिलो. धूळ होती, ट्रक होते, वारा सुटला की ताडपत्री उडायची. ते सगळे दिवस मुलगी जाऊबाईंजवळ झोपली, आणि मी तिला एकदाही परत मागितलं नाही.