सात बेचाळीसची बस

ओताकर ऊर्फ ओता शिमेक यिहलावा गावच्या बस डेपोत गेली एकतीस वर्षं वेळापत्रकं लावतो आहे. त्याची बस उशिरा सुटली असं म्हणायची गावात कुणाची छाती नाही. बर्फात अडकली तर ती बर्फाची चूक. घरीही तेच. अंडं सात मिनिटं, क्नेडलिकचे उकडलेले गोळे अठरा मिनिटं, सासूबाईंचा फोन चार मिनिटं. त्याची बायको द्राशा सांगते, "लग्नात पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं तेव्हा ह्याने त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं होतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं!"

अशा माणसाला लढाऊ विमानांचा नाद लागावा हे नवलच. खरीखुरी नव्हेत, संगणकावरची. आणि तो ती उडवतो कशी म्हणाल, तर न उडवलेलीच बरी. स्वतः बसला की तिसऱ्या मिनिटाला बिटाच्या शेतात नांगर. पण मिशन बांधावं तर ओतानेच! मिशन बांधायचं म्हणजे सगळ्यांनी मिळून उडायच्या लढाईची आखणी करायची. कोण कुठून उडणार, ढग किती उंचीवर, शत्रू कुठल्या वळणावर गाठणार, त्यातला कोण नवशिका नि कोण वस्ताद, हे सगळं आधीच मांडून ठेवायचं. ओताच्या मिशनमध्ये धावपट्टीशेजारच्या गाईसुद्धा वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असतात. आणि दर मिशनमध्ये, मग ते कुठल्याही देशातलं असो, विमानतळाच्या फाटकासमोर बसचा एक थांबा असतो आणि सात बेचाळीसला तिथे एक बस येते.

"अरे, चार हजार मीटरवरून कुणाला दिसते तुझी बस?" त्याच्या सोबत उडणाऱ्या पथकातला रादिम त्याला नेहमी डिवचायचा. रादिम दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि संध्याकाळी स्वतःचं मिटायचं नाही, असा त्याचा खाक्या.

"बसने दिसायचं नसतं," ओता म्हणायचा. "वेळेवर यायचं असतं."

पथकात आठ जण. दर गुरुवारी आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून उडायचे. पथक काढलं बोहुस्लाव क्रेचेकने. हा पेशाने कुलूपवाला आणि सुट्टीच्या दिवशी पोरांना बिनइंजिनाची ग्लायडर विमानं शिकवणारा. बोहुश पहिल्या नंबरवर, सगळ्यांच्या पुढे. बाकीचे त्याच्या मागे. पथकाचे नियम त्यानेच स्वतःच्या हाताने लिहून फ्रेम करून घेतले होते, आणि ते मोडणाऱ्याची तो गय करत नसे.

गेल्या वर्षी जूनमध्ये बोहुशला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं ठीक राहिलं, पण उजवा हात कामातून गेला. जॉयस्टिक धरायचा तोच हात. चौदा महिने बोहुश आला नाही. गुरुवारी कुणी त्याचं नाव काढत नसे आणि सगळ्यांना तोच आठवत असे.

आणि मग ऑगस्टात एका सकाळी त्याचा फोन आला.

"ओता, सप्टेंबरच्या मेळाव्याला मी येतोय. मिशन तूच बांधतोयस ना?"

ओताला एवढा आनंद झाला की त्याचा कॉफीचा कप बशीऐवजी वेळापत्रकावर टेकला.

"पण एक सांगून ठेवतो," बोहुश म्हणाला. "विमान घरी आणता आलं तर आणलं. नाही आलं, तर जॉयस्टिक बालवाडीला देऊन टाकणार. पोरं खेळतील. पुन्हा मला कुणी बोलवायचं नाही. नुसतं शेजारी बसून टाळ्या वाजवायला मी काही म्हातारा झालेलो नाही."

"तू अडुसष्ट वर्षांचा आहेस, बोहुश."

"तेच म्हणतोय मी."

फोन ठेवला, तरी ओता वेळापत्रकावरचा कप उचलायचंच विसरला. बोहुश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बालवाडी म्हणाला म्हणजे बालवाडी.

मग ओताने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. लबाडी केली. मिशन साधंच होतं. सन एकोणीसशे बेचाळीस, इंग्लंडचा किनारा. आठ स्पिटफायर विमानांनी बॉम्बफेकी विमानांना समुद्रापार सोडायचं आणि परत यायचं. परतीच्या वाटेवर सहा शत्रू. त्यातले चार ओताने पहिल्या नंबरवर सोडले आणि चौघांनाही 'नवशिके' करून टाकलं. एवढंच नव्हे, त्यांच्या टाक्यांत इंधनही चमचाभर ठेवलं. वारा बंद. धावपट्टी रुंद. बोहुशने नुसतं सरळ उडावं आणि चार बळी खिशात घालून घरी यावं, असा चोख बंदोबस्त.

राहिले दोन. हे दोघे ओताने आठव्या नंबरच्या, म्हणजे शेपटाच्या मागावर लावले आणि दोघांनाही 'वस्ताद' केलं. कारण शेपटाला ह्या वेळी रादिमची पाळी होती, आणि गेल्या मेळाव्यात ओताचं मिशन पाळण्यातल्या बाळांसाठी आहे असं रादिम बिअरचा ग्लास आपटून म्हणाला होता. म्हटलं, घे लेका बाळकडू!

"हे बरोबर नाही, ओता," द्राशा मागून पडद्याकडे बघत म्हणाली. ती स्वतः उडत नाही, पण बारा वर्षं मागून बघते आहे. "त्याला कळलं तर?"

"कळणार नाही."

"तुला खोटं बोलता येत नाही. माझी नवी टोपी आवडली म्हणालास तेव्हा तुझे कान लाल झाले होते."

"मी कान झाकून बसेन," ओता म्हणाला.

मेळावा दरवर्षी गावाबाहेरच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये भरतो, शनिवारी, भर दुपारी. संगणक गोधड्यांत गुंडाळून गाड्यांतून येतात, लग्नकार्याच्या लांब टेबलांवर मांडले जातात. बूट दाराशी, पायांत घरच्या सपाता. सपातांशिवाय पायाखालचे पेडल नीट कळत नाहीत, असा पथकाचा अनुभव आहे. द्राशाने रश्श्याचं मोठं पातेलं आणि खसखशीच्या सारणाच्या पावांचे दोन ट्रे आणले होते. नियमांची फ्रेम भिंतीवर टांगली गेली.

आणि बोहुश आला. बारीक झालेला, पण मिशा तशाच. बगलेत लाकडी पेटी. पेटीतून त्याने जे काढलं ते बघून सगळे खुर्च्यांवरून उठले. जॉयस्टिक होती, पण डाव्या हाताची. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, स्वतः तासलेली. आणि उजव्या बाजूला इंजिनाचा रुंद दांडा, नुसत्या तळव्याने पुढे-मागे ढकलता येईल असा.

"बोटांची गरज नाही," बोहुश म्हणाला. "कुलूपवाल्याच्या घरी काय, लोखंडाचा दुष्काळ?"

पोस्टातली लिबुशे, पथकातली सगळ्यात अचूक नेमबाज, तिने त्याच्या गालाचा मुका घेतला आणि डोळे पुसत म्हणाली, "कप्तान, तुमची खुर्ची तिकडे. पहिला नंबर."

"नाही," बोहुश म्हणाला. "ते वाचलंत का?" आणि त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे हनुवटी केली. नियम तिसरा, त्याच्याच ठाशीव अक्षरात: लागोपाठ तीन गुरुवार चुकवणारा पुढच्या उड्डाणात शेपटाला बसेल, मग तो कुणीही असो.

ओताच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षं हा नियम त्याने पाळला होता, इतरांना ऐकवला होता. पण बोहुश म्हणजे पहिला नंबर, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की बोहुशलाही बोहुशचा नियम लागू होतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

"बोहुश, जाऊ दे ना आजच्या दिवस," तो चाचरत म्हणाला. "तू आजारी होतास..."

"नियमात आजारी असं कुठे लिहिलंय?"

"मग... मग मला दहा मिनिटं द्या. मिशनमध्ये जरा दुरुस्ती..."

"नियम पाचवा," रादिम बोहुशच्या बदली पहिल्या नंबरच्या खुर्चीत ऐसपैस बसत ओरडला. "माणसं बसली की मिशनला हात लावायचा नाही! काय रे ओता, कान का लाल झालेत तुझे?"

द्राशाने रश्श्यात पळी जोरात फिरवली.

उड्डाण सुरू झालं. ओता उडत नव्हता; तो मधल्या टेबलावर नकाशावरचे ठिपके बघत बसला. जाताना सगळं झकास. बोहुश शेपटाला, थोडा डुलत, पण जागा न सोडता. परतीच्या वाटेवर ढगांतून सहा शत्रू उतरले.

पुढे रादिमची दिवाळी! "एक पडला! दुसरा! अरे, माशा मारतोय मी, माशा!" एक शत्रू तर आपणहून समुद्रात गेला, त्याचं इंधन संपलं. आणि मागे, शेपटाला, दोन वस्ताद एका अर्धांग झालेल्या माणसाला कोपऱ्यात घेत होते. लिबुशे मदतीला वळली, एकाला तिने टिपलंही, पण तोवर बोहुशच्या इंजिनात गोळी गेली होती. दुसऱ्याला बोहुशने ढगात गुंगारा दिला. कसं, ते देव जाणे.

"पाणी गळतंय," बोहुशचा आवाज आला. "इंजिन तापलं." आणि थोड्या वेळाने, "इंजिन गेलं."

हॉलमध्ये कुणी पाव चावेना. बालवाडीची गोष्ट ओताकडून सगळ्यांना कळली होती. ओताला वाटलं, आपणच आपल्या हाताने ह्या माणसाला हाकलतोय. बोहुशचा डावा हात मात्र अक्रोडाच्या मुठीवर स्थिर होता. तो आता ग्लायडर शिकवणारा जुना बोहुश होता. एक एक मीटर उंची पुरवून वापरत होता.

"धावपट्टीपर्यंत पोचत नाही मी," तो म्हणाला. "ओता, फाटकासमोरचा रस्ता मोकळा आहे का?"

ओताने मिशनमधलं घड्याळ पाहिलं. सात वाजून चाळीस मिनिटं.

"नाही," तो म्हणाला. "बस येतेय."

"कधी?"

"सात बेचाळीस."

"उशीर होईल तिला?"

एवढ्या ताणातही ओता दुखावला गेला. "बोहुश, ती माझी बस आहे!"

"मग झालं तर. थांब्यावर किती वेळ उभी असते?"

"एक मिनिट. बरोबर साठ सेकंद."

"म्हणजे तेवढा वेळ ती जागची हलणार नाही, आणि तिच्या मागचा रस्ता माझा," बोहुश म्हणाला.

सात एक्केचाळीस. विमान गाईंच्या कुरणावर आलं. लिबुशेने डोळ्यांवर हात ठेवला, रादिम खुर्चीतून अर्धवट उठला. सात बेचाळीस. वळणावरून बस आली आणि थांब्यावर उभी राहिली. स्पिटफायर तिच्या टपावरून वीतभर उंचीने गेलं, मागच्या मोकळ्या रस्त्यावर टेकलं, एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, आणि कुंपणाला नाक लावून थांबलं. साठ सेकंद झाले. बस आपल्या वाटेने निघून गेली.

हॉल दणाणला. कुणी टेबलं बडवली, कुणी बोहुशची पाठ. ओता रडत होता आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

पण नियम सहावा होताच. उड्डाण झालं की मिशन भिंतीवर मोठं करून दाखवायचं, सगळ्यांनी तपासायचं. रादिमला घाई झाली होती. "लावा, लावा! माझे तीन बळी बघू दे लोकांना."

लावलं. पहिल्या नंबरसमोरचे चार: नवशिके. इंधन: चमचाभर. वारा: बंद. आणि शेपटामागचे दोघे: वस्ताद, वस्ताद.

आधी रादिमचा चेहरा उतरला. मग सगळे बोहुशकडे बघू लागले. पहिला नंबर कुणासाठी ठेवला होता, हे कळायला कुणाला शिकवणी लागली नाही.

"हे माझ्यासाठी?" बोहुशने हळू विचारलं.

"हो," ओता म्हणाला. "मला भीती वाटली. तू नाही आलास तर गुरुवारला काय अर्थ आहे? चौदा महिने मी मिशनं बांधली आणि एकही मनासारखं झालं नाही. चुकलं माझं."

"मला वाईट वाटलं, ओता."

"ठाऊक आहे."

बोहुशने मिशा चावल्या. मग उजवा हात, तोच तो, टेबलावर ठेवून तो उठला आणि पडद्याजवळ गेला.

"पुढच्या गुरुवारी हेच मिशन पुन्हा लाव," तो म्हणाला. "मी पहिल्या नंबरला. माझे चौघे वस्ताद कर, इंधन पुरतं भर, वारा सोड. रादिमला हवे असतील तर त्याला ठेव नवशिके, त्याची सवय मोडायला नको."

"अहो कप्तान!" रादिम कळवळला, आणि हॉल पुन्हा हसला.

ओता भराभर लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला. "आणि बस?"

"बस?" बोहुश पावाचा तुकडा मोडत म्हणाला. "तिला हात लावलास तर याद राख."