भिंगवाल्या बाई

रामाकोन्याच्या आरोग्य उपकेंद्रातल्या आमच्या सिस्टरबाई गरोदर बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायच्या आधी तिच्या घरातली पाकिटं उलटी करून पाहायच्या. बिस्किटं, शेव, नूडल्स, जे हाताला लागेल ते. चाव्यांच्या दोरीत त्यांनी एक लहानसं भिंग ओवलं होतं. ते धरून मागची बारीक अक्षरं वाचायच्या. "समोरून पाकीट हासते," म्हणायच्या, "खरं काय ते पाठीवर असते." त्यांचं नाव गाव विसरलं. भिंगवाल्या बाई, एवढंच राहिलं.

माझ्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मला तिसरा महिना होता. पोटात काही ठरत नव्हतं, भाकरीचा तर वासही सोसत नव्हता. चहात बुडवलेली पाकिटातली डबलरोटी तेवढी आत राहायची, म्हणून सकाळ-संध्याकाळ तीच. बाईंनी रिकामं पाकीट उचललं, सरळ केलं आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, "परिरक्षक, दोनशे ब्याऐंशी."

"म्हणजे काय?"

"रोटीले बुरशी नाही लागत याच्यानं." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "बुरशीले अडवते, मंग पोटातल्या लेकराच्या दिमागाले काय करत असंन?"

दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या.

बाईंजवळ एक वही असे. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. उजवी पानं बहुतेक कोरीच. सौंसरच्या डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला, भेटेल त्याला त्या विचारायच्या. पांढुर्ण्याच्या मीटिंगमध्ये एक साहेब वैतागून म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही लसीकरणाचा आकडा सांगा." बाईंनी आकडा सांगितला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

दोनशे ब्याऐंशीचं त्यांनी भाच्याकडून फोनवर शोधून घेतलं. त्यातून निघणारं आम्ल म्हणे आपल्या आतड्यातही तयार होतं. उंदरांना आणि प्रयोगशाळेतल्या पेशींना ते भरपूर देऊन पाहिलं, तेव्हा मेंदूच्या वाढीत फरक दिसले. पण माणसाच्या लेकराबद्दल कोणी ठाम सांगत नाही. हे सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते. "आपल्याच पोटात बनते ते! कशी गंमत आहे ना?"

"मग मी डबलरोटी सोडू का, बाई?"

"तसं मी म्हणत नाही. मी फक्त विचारून राहिली."

मला गंमत वाटली नाही, भीती वाटली. तरी खात राहिले. दुसरं काही राहतच नव्हतं पोटात.

मुलगा झाला. ईशान. अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळेना. चाक फिरताना दिसलं की मात्र तासन्‌तास तिथंच. सासूबाईंजवळ उत्तर तयार होतं. "डबलरोटीनं खाल्लं माह्या नातवाचं डोकं. बाई तवाच बोलल्या होत्या." नळावर, हळदीकुंकवात, सगळीकडे तेच. माझे मालक संत्र्याची गाडी चालवायचे. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आणि मी मनातल्या मनात एकेक स्लाइस आठवत बसे.

लसीकरणाच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेतलं. "काहून वाळून राहिली तू?" मी सगळं सांगितलं. उरलेल्या लेकरांना त्यांनी मान खाली घालून सुया दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. सासूबाईंसमोर जमिनीवर बसून वही उघडली.

"आजी, हा प्रश्न माहा होता. तुमच्या सुनेचा गुन्हा नाही."

"तुम्हीच तं म्हटलं होतं."

"विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. हे पाहा, उत्तराचं पान कोरं आहे. तुम्ही त्याच्यावर सुनेचं नाव लिहून टाकलं. चूक माही. मी इथं उभी राहून मोठ्यानं बोलली."

सासूबाईंनी कोऱ्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग पोरगं बोलत काहून नाही?"

"मले माहीत नाही. चला, पाहून येऊ."

सुट्टी टाकून त्या आमच्यासोबत आल्या. आधी पांढुर्ण्याला, तिथून गाडीनं नागपूरला. कान चांगले निघाले. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी ईशानला दोन-तीनदा बोलावून तपासलं आणि सांगितलं, स्वमग्नता आहे. कशामुळे, हे एकेका मुलाबाबत नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. मी डबलरोटीचं विचारलंच. "त्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. कोणी म्हणत असेल तर ऐकू नका," त्या म्हणाल्या. बाईंनी लिहून घेतलं आणि पुढचे चार प्रश्न विचारले.

सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही. पण नळावर कोणी विषय काढला तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "डाक्तरीणच म्हणते माहीत नाही, मंग आपण कोण?" दर आठवड्याला ईशानला बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे न्यायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

बाईंचं विचारणं काही थांबलं नाही. पण आता आधी दार लोटून घ्यायच्या. "प्रश्नही औषधच आहे," एकदा म्हणाल्या, "कोणाले, कवा, किती, ते पाहून द्या लागते."

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि बैतूलला भाच्याकडे राहायला गेल्या. निघण्याआधी भेटायला आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई, डॉक्टरांचं सोडा. तुमच्या मनाला काय वाटतं?"

"कोण्या दिवशी वाटते असंन, कोण्या दिवशी वाटते नसंन." त्यांनी माझा हात धरला. "पण त्या महिन्यात ते नसतं खाल्लं, तं तू उपाशी राहिली असती. तवा मी पाकीट पाहिलं पोरी, तुले पाहिलं नाही."

ईशान आता थोडे शब्द बोलतो. परवा शेजारची नवी सून ओट्याशी आली, चौथा महिना आहे तिला. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली, "ताई, खरंच का हो डबलरोटीनं लेकराच्या डोक्यावर परिणाम होते?" जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगितलं, आणि जे कोणालाच माहीत नाही तेही सांगितलं. ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभीच राहिली.

मी तिला हाताला धरून आत नेलं, खाली बसवलं आणि विचारलं, "आज काही पोटात राहिलं का गं तुझ्या?"