लखनौची शिवरात्र माघात

ऋचा मूळची वाईची. नवरा फौजेत, म्हणून बिऱ्हाड लखनौला, तेलीबागेत. घरी बसून ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. भांडायला मात्र लहानपणापासून पक्की. शाळेत असताना हेडमास्तरांशी भांडून तिनं वर्गाचा पंखा सुरू करून घेतला होता!

आता लखनौची गंमत अशी, की ज्येष्ठातल्या दर मंगळवारी तिथं मारुतीचा उत्सव, बडा मंगल. गल्लोगल्ली मांडव, पुरी-सब्जी, बुंदी, सरबत. येईल त्याला फुकट. अशा भंडाऱ्याचा आणि वर्षभराच्या बाकी सणांचाही परवाना, तिथीसकट, मोबाइलवर मिळावा म्हणून एका सरकारी खात्यानं पोर्टल काढलं. काम मिळालं निशातगंजच्या जगदीशच्या कंपनीला, आणि त्यानं ते ऋचाच्या गळ्यात घातलं. करार विचारला तर म्हणे, "अरे भाभीजी, घर की बात है!" कागद नाही, सही नाही.

ऋचानं एकटीनं सगळं लिहिलं आणि पहिल्याच वर्षी घोळ झाला. आपला महिना संपतो अमावास्येला, तिकडचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्या आधी पंधरवडाभर लागतो. ऋचानं सवयीनं माहेरचा ज्येष्ठ घातला. कढया चढवून लोक बसले, तर पोर्टल म्हणतंय, अजून वैशाख चालू आहे! जगदीशनं फोनवर तिचा उद्धार केला. तिनं घाईघाईत तेवढा ज्येष्ठ सुधारला, बाकीचे महिने तसेच राहिले.

पुढं तिनं तो प्रोग्राम दुसऱ्या शहराच्या नगरपालिकेला दाखवला, तशी जगदीशची नोटीस आली: आमचा माल चोरला. एकदा चोर ठरली की तिला काम कोण देणार?

खात्याच्या विनीता मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"हमारे लड़कों ने बनाया है," जगदीश म्हणाला. "भाभीजींनी फक्त रंगरंगोटी केली. यांनी घर सांभाळावं, कंपनी आम्ही सांभाळतो."

"मी घरही सांभाळते आणि तुमच्यासारखेही सांभाळते," ऋचा म्हणाली. "तुमची पोरं कुठली?"

"सगळी लखनौची. का?"

"मॅडम, यंदाच्या महाशिवरात्रीचा परवाना उघडा."

मॅडमनी उघडला. तारीख बरोबर, आणि खाली तिथी: माघ कृष्ण चतुर्दशी.

"माघ? शिवरात्री तो फागुन में होती है!" मॅडम बोलून गेल्या.

"तुमच्याकडे. आमच्याकडे माघात. लखनौच्या पोराला झोपेतसुद्धा ही चूक करता येणार नाही."

"अरे, छोटीसी गलती..." जगदीश चाचरला.

"गलती माझीच! तीच तर सांगतेय. ज्येष्ठाच्या वेळी शिव्या कुणाला घातल्या होत्यात? तुमच्या पोरांना?"

जगदीश पाणी प्यायला.

मॅडम म्हणाल्या, "चोरीची बात खत्म. नोटीस मागे घ्या. मालकी कुणाची, खात्याची, कंपनीची की यांची, ते विधी विभाग ठरवेल. तोवर ऋचाजी, आप महीने ठीक कर दीजिए."

"आधी मालक ठरवा," ऋचा पर्स उचलत म्हणाली. "मी असेन तर मी करीन. हे असतील तर यांची पोरं करतील."

"खूब अकड़ है!" जगदीश मागून ओरडला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

फाइल अजून विधी विभागात आहे. आणि यंदाही परवान्यांवर लखनौची शिवरात्र माघातच पडली. देवळाचे पंडितजी आपला परवाना घेऊन जगदीशच्या दारात उभे राहून त्याचं पंचांग काढत होते, आणि त्याच्या पोरांना महिना कुठून बदलायचा ते सापडत नव्हतं.