फायबरचा डोंगा की जर्मनचा

शालिग्रामभाऊ मुळात गोंधळणारे गृहस्थ नव्हेत. मुलगी पाहायला गेले तेव्हा चहा यायच्या आत त्यांनी होकार देऊन टाकला होता, असं अन्नपूर्णावहिनी अजून हसत सांगतात. त्यामुळे गेल्या वर्षी एका नावेपायी या माणसाची जी दशा झाली, ती बघून आम्हा शेजाऱ्यांना आधी गंमत वाटली आणि नंतर काळजी.

मेहकर तालुक्यात, पैनगंगेवरच्या धरणाच्या काठी आमचं गाव आहे. शालिग्रामभाऊंचा बाप नदीत जाळं टाकायचा, हे धरणात टाकतात. आमच्याकडे नावेला डोंगा म्हणतात. डोंग्यात नवरा-बायको दोघंही असायची. भाऊ वल्ही मारायचे, वहिनी जाळं सोडायच्या आणि ओढायच्या. मासळी घेऊन डोणगावच्या बाजारालाही वहिनीच जायच्या. पोरगी प्रतीक्षा लग्न होऊन चिखलीला गेली, तेव्हापासून घरी ही दोघंच.

मागच्या वैशाखात एका दुपारी दोघं धरणाच्या मधोमध होती. आभाळ स्वच्छ होतं. एकाएकी वावधन उठलं, धुळीची भिंत काठावरून पाण्यावर आली आणि लाटा सुरू झाल्या. लोकांना वाटतं धरणाचं पाणी म्हणजे परातीतलं पाणी. पण सात-आठ गावांच्या जमिनी पोटात घेतलेलं ते पाणी वाऱ्यावर चढलं की काठावर उभं राहवत नाही. त्यांचा डोंगा लोखंडी पत्र्याचा, जुना, गंजलेला. तो एका बाजूला कलला, वहिनी पाण्यात गेल्या, पुढच्या लाटेला डोंगा भरला आणि गेला खाली. जाळ्याला बांधलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या डब्याला धरून दोघं तरंगत राहिली. मच्छीमार सोसायटीतलाच गोकुळ जवळपास होता, त्याने त्यांना ओढून काढलं.

त्यानंतर वहिनी पाण्यावर गेल्या नाहीत. भाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काठाकाठाने जाळं टाकायचे. मिळायची ती लहानसहान तिलापिया. कटला आणि रोहू खोल पाण्यात, आणि खोल पाण्यात जायला डोंगा नव्हता.

पावसाळा सरता सरता मच्छीमार सोसायटीचे सचिव किसनराव यांनी सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं. सभासदांना नवे डोंगे मिळणार होते. फायबरचा हवा की ॲल्युमिनियमचा, ते ज्याचं त्याने सांगायचं.

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचा गंज म्हणजे पातेलं, जर्मनची परात. गोकुळ लगेच म्हणाला, "मले जर्मनचा. हलका हाये, खांद्यावर टाकून आनता येते." बाकीच्यांनीही पटापट सांगितलं. शालिग्रामभाऊंची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले, डोकं खाजवलं आणि बसले.

"सांगा ना भाऊ," किसनराव म्हणाले.

"सांगतो. पाहून सांगतो."

इथून सुरुवात झाली. दिसेल ती वस्तू ते बोटाने वाजवून बघू लागले. घरात वहिनींचा भाताचा गंज वाजवला. तो गंज जागोजागी चेपलेला, पण कुठे फुटलेला नव्हता. भाऊंना वाटलं, जर्मनच घ्यावं. मग चिखलीला पोरीकडे गेले तर तिच्या गच्चीवरच्या टाकीवर थापा मारत बसले. जावयाने सांगितलं, "मामा, हे फायबर नाही, प्लास्टिक आहे." तेव्हा ते अजूनच बुचकळ्यात पडले. मग फायबर म्हणजे नक्की काय? काच म्हणतात. काच कधी पाण्यावर तरंगते का?

देऊळगाव राजाकडच्या मोठ्या धरणावर त्यांचा एक जुना मित्र आहे, प्रसेनजित. दोघांची ओळख मासळीच्या बाजारातली. त्याच्याकडे फायबरचा डोंगा होता म्हणून भाऊ एसटीने तिकडे गेले. प्रसेनजितने त्यांना वाऱ्याच्या दिवशीच पाण्यावर नेलं. डोंगा जड होता, पाण्यात नीट रुतून बसायचा. लाट आली की वर जायचा, खाली यायचा, पण भलतीकडे वळायचा नाही. भाऊ खूश होऊन परत आले आणि बसस्टँडवरूनच किसनरावांच्या घरी गेले.

"माह्यं ठरलं. फायबर."

चार दिवसांनी खामगावच्या एका कारखानदाराने नमुन्याचा जर्मनचा डोंगा टेम्पोतून आमच्या काठावर आणला. चकचकीत, उन्हात बघवत नव्हता. गोकुळने आणि भाऊंनी दोन टोकं धरली आणि तो उचलून पाण्यात ठेवला. उन्हाळ्यात आमचं पाणी पार आत जातं. मधे चिखल, दगड, जुने बांध. तेवढी वाट दोघांनी डोंगा ओढायचा तर हलकाच बरा, हे भाऊंना पटलं. कारखानदाराने हातोडा घेऊन डोंग्याच्या तळावर मारला. पोचा पडला, भोक पडलं नाही.

"फायबरवर हाच घाव घाला," तो म्हणाला, "मग बघा."

संध्याकाळी भाऊ पुन्हा किसनरावांकडे. "जर्मन लिहा."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा ते नमुन्याचा डोंगा घेऊन एकटेच पाण्यावर गेले. रिकामा हलका डोंगा वाऱ्यावर सुकल्या पानासारखा गरगरला. वल्हं कडेवर आपटलं की भांड्यांचा ढीग पडल्यासारखा आवाज व्हायचा. मासे पळणारच. ऊन चढलं तसा पत्राही तापला. भाऊ बाहेर आले ते पोटऱ्या चोळतच. किसनरावांच्या दारात गेले, पण आत जायची हिंमत झाली नाही. किसनरावांनीच खिडकीतून पाहिलं.

"आता काय झालं?"

"काई नाई. सहज आलतो."

"भाऊ, साऱ्यायनं सांगून टाकलं. तुमचं एकट्याचं राह्यलं. काऊन एवढा इचार करता? डोंगाच हाये ना, की पोरीसाठी पोरगा पाहून राह्यले?"

भाऊ घरी आले. वहिनी अंगणात फाटकं जाळं विणत बसल्या होत्या. मी समोरच्या ओट्यावर होतो, म्हणून हे बोलणं मला ऐकू आलं.

"अवं," भाऊ म्हणाले, "फायबर लाटेत बसते चांगलं, पन दगडावर फुटते. जर्मन फुटत नाई, पन उडते. आता तूच सांग, तुले कोन्त्या डोंग्यात भेव वाटनार नाई?"

वहिनींनी सुई थांबवली. "म्या कवा म्हनलं का मी डोंग्यात येतो म्हनून?"

भाऊ बघतच राहिले. इतके दिवस ते दोघांसाठी डोंगा शोधत होते आणि दुसऱ्या माणसाला त्यांनी विचारलंच नव्हतं.

"येत नाई?"

"तेबी म्या म्हनलं नाई." वहिनींनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमाले वाटते का डोंग्यानं आपल्याले बुडोलं. डोंग्यानं नाई बुडोलं. मी उभी राह्यली व्हती. जाळं अडकलं, मले वाटलं तुटते, म्हनून उभी राहून वढलं. त्याच्यानं डोंगा कलला."

भाऊ खाली बसले. वैशाखापासून ते स्वतःला दोष देत होते, त्या गंजक्या पत्र्याला दोष देत होते, आणि ही बाई हे आज सांगत होती.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कवा?"

"म्हंजे डोंगा चांगला व्हता?"

"चांगला कायचा? गंजेल व्हता. पन त्यानं नाई बुडोलं."

भाऊंच्या डोक्यात तोवर निदान एक गोष्ट पक्की होती, की जुना डोंगा वाईट आणि नवा चांगला पाहिजे. आता तीही गेली. डोंगा कशाचाही असो, माणूस उभा राहिला तर कलणार. मग फायबर काय आणि जर्मन काय? पण मग सगळे निवडतात ते कशासाठी? ते माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "मास्तर, मले काईच समजून नाई राह्यलं." मलाही समजत नव्हतं. मी चहा ठेवला.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "चला, मले दाखवा तो फायबरवाला." दोघं प्रसेनजितकडे गेली. तिथे काय झालं ते भाऊंनी पुढे मला कितीतरी वेळा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ वेगळा लावला.

प्रसेनजितने वहिनींना केशरी जाकीट घातलं. काठाजवळ होती तोवर वहिनींनी डोंग्याच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. खोल पाण्यात गेल्यावर त्यांनी एक हात सोडला. मग दुसराही सोडला. वारा होता, लाटा होत्या. वहिनी म्हणाल्या, "जरा इकडून घ्या, इकडे मासोळी दिसते." प्रसेनजितने डोंगा वळवला आणि तळाशी कर्र असा आवाज आला. पाण्याखाली जुना बांध होता. तळाला चीर पडली, बारीक पाणी येऊ लागलं.

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "पाह्य, फुटला! म्या म्हनलं व्हतं!"

ते उठायला गेले तशी वहिनींनी त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. "खाली बसा आधी!" मग डबा घेतला आणि पाणी उपसायला लागल्या. प्रसेनजित वल्ही मारत होता. डोंगा भरला नाही, कलला नाही, हळूहळू काठाला लागला.

काठावर प्रसेनजितने डोंगा उलटा केला, चीर घासली, कोरडी केली, तिच्यावर काचेच्या धाग्याचं कापड ठेवलं आणि ब्रशने रसायन फासलं. "वाळलं का झालं," तो म्हणाला. "दरसाली एकदोनदा करतोच मी हे."

वहिनी ते सगळं वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हे मलेबी जमन."

येताना एसटीत भाऊंनी विचारलं, "म्हंजे फायबर घ्यावा? पन तो फुटला ना."

"फुटला."

"मंग जर्मन घ्यावा?"

"आवो, मी येतो तुमच्यासंगं पान्यावर. आता तरी कोन्ताबी एक घ्या."

भाऊंनी फायबर सांगितला. किसनरावांनी नाव लिहिलं, खाली सही घेतली आणि वही कपाटात टाकून कुलूप लावलं.

माघात डोंगे आले. शालिग्रामभाऊंचा निळा. वहिनी पहिल्याच दिवशी त्यात बसल्या आणि खोल पाण्यावर गेल्या. कटला पुन्हा घरी यायला लागला. पण भाऊंचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. पाणी आत सरकू लागलं तसा डोंगा ओढताना चार माणसं लागायची. शेजारून गोकुळ आणि त्याची बायको वंदना आपला जर्मनचा डोंगा दोघांतच उचलून न्यायची. भाऊ त्यांच्याकडे बघत राहायचे. गोकुळला मात्र वाऱ्याच्या दिवशी भाऊंचा हेवा वाटायचा.

चैत्रात एका सकाळी दोघांचं ठरलं की एक दिवस डोंगे बदलून बघायचे. भाऊ वहिनींना म्हणाले, "उतर, आज आपल्याले जर्मनमधी जायचं हाये."

"मी नाई उतरत," वहिनी डोंग्यात बसूनच म्हणाल्या. "तुमी जा."

वंदना काठावर उभी होती. ती सरळ येऊन वहिनींच्या समोर बसली आणि तिने वल्हं उचललं. दोघी निघाल्यासुद्धा. गोकुळ आणि भाऊ एकमेकांकडे बघत जर्मनच्या डोंग्यात चढले.

दुपारी वारा आला. बायका मासळी घेऊन वेळेत काठाला लागल्या. पुरुषांचा डोंगा वाऱ्याने पलीकडच्या गावाला नेऊन लावला. वाटेत तो एका खडकावर आपटला, पोचा पडला, बाकी काही झालं नाही. वारा पडेपर्यंत दोघं तिथल्या बाभळीखाली बसून राहिले आणि दिवस कलल्यावर परतले. मी तेव्हा काठावरच होतो. वहिनी आणि वंदना मासळी वेगळी करत होत्या.

गोकुळ उतरला आणि म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? फायबरच बरा."

"मले तर वाटून राह्यलं जर्मनच बरा," भाऊ म्हणाले. "एवढ्या जोरात आपटला, पन फुटला का?"

"पन नेला कोठी आपल्याले!"

"हाव, तेबी खरं."

मग भाऊ त्या दोघींकडे वळले. "तुमाले भेव नाई वाटलं वाऱ्यात?"

"वाटलं ना," वहिनी म्हणाल्या. "खाली बसून राह्यलो."

भाऊंनी निळ्या डोंग्यावर हात ठेवला, मग चकचकीत डोंग्यावर ठेवला, आणि मला विचारलं, "मास्तर, तुमी असते तं कोन्ता घेतला असता?"

मी म्हटलं, मला पोहताच येत नाही. वंदना हसली. वहिनींनी एक मोठा रोहू माझ्या पिशवीत टाकला आणि भाऊंना म्हणाल्या, "उभे काऊन राह्यले? डोंगा वर घ्या, वारा अजून हाये."

वंदना मासळीपाशी राहिली, आम्ही चौघांनी मिळून निळा डोंगा वर ओढला. खरंच फार जड होता.