सामनेवाला क्रमांक एक

आमच्या ऑफिसातल्या बाईंनी लॉ कॉलेजच्या प्रवेशासाठी अर्ज भरलाय, हे मला कळलं तेव्हा शेवटच्या दिवसाचे दुपारचे तीन वाजले होते. अर्ज पाचच्या आत पोचायला हवा होता आणि त्यावर माझी सही हवी होती.

मी वकील आणि बाई म्हणजे माझ्या टायपिस्ट. बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. दहाला वीस कमी असताना येणार, पिशवी खिळ्याला अडकवणार, जुन्या रुमालाने की-बोर्ड पुसणार आणि पायाखाली वीट ओढून घेणार. खुर्ची उंच, बाई ठेंगण्या, म्हणून वीट. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं. ते लागतं फक्त बाईंना. मी मसुदा खरडायचा, बाईंनी टाइप करायचा, मी सही ठोकायची. वाचत बसायचं नाही. वाचायला बाई आहेत की! नवरा बसवर कंडक्टर, मुलगी शिकून नोकरीला लागली, मग यांनी घरी बसून बी.ए. केलं, एवढं मला ठाऊक होतं. तेही निकालाच्या दिवशी अर्धी रजा मागितली होती म्हणून.

"या वयात कॉलेज, बाई?" मी म्हणालो.

"एक्कावन्न पूर्ण आहेत, साहेब. वयाची अट नाही. मी नियम वाचलेत." बाईंनी कागद पुढे केले. "शेवटच्या पानावर तुमची सही हवीय. जिथे नोकरी करते तिथल्या साहेबांनी माझं निवेदन वाचायचं आणि ते खरं असल्याचं लिहून द्यायचं."

"द्या इकडे, करून टाकतो."

"वाचून, साहेब." आणि बाईंनी कागदावर हात ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या सहीच्या आड असा हात घातला नव्हता.

वाचायला लागलो आणि मला हसूच फुटलं. कायदा का शिकायचाय ते थोडक्यात सांगा, एवढंच कॉलेजने विचारलं होतं. बाईंनी चक्क दावा लिहिला होता! जन्मभर दुसरं काही टाइप केलंय कुठे? वर अर्जदार, मग 'विरुद्ध', मग सामनेवाले. सामनेवाला क्रमांक दोन, अर्जदाराचे पती, यांनी आपला विरोध मागील महिन्यात मागे घेतला आहे. सामनेवाला क्रमांक एक मी होतो.

मी हसू आवरून पुढे वाचायला लागलो.

परिच्छेद चार असा होता: 'अठरा वर्षांपूर्वी अर्जदाराने सामनेवाला क्रमांक एक यांना, मला वकील होता येईल काय, असे विचारले. त्यावर त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले की, टाइप करून वकील होता आलं असतं तर आमचा झेरॉक्सवाला न्यायाधीश झाला असता.'

मला काही आठवेना. पण वाक्य माझंच. असला आगाऊपणा दुसरं कोण करणार? लाज वाटली. तरी म्हटलं, असो, आपल्या जिभेला हाड नाहीच.

परिच्छेद सातला मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली.

एका शिंप्याची केस होती ती. दुकान खाली कर म्हणून जागेच्या मालकाने त्याला नोटीस दिली होती. पाकिटावर पोस्टाचा शिक्का अकरा तारखेचा आणि आत नोटिशीवर तारीख चौदा. "जी नोटीस अजून लिहिलीच नव्हती, ती पोस्टात पडली कशी?" असं मी भर कोर्टात वाचलं, न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि शिंप्याचं दुकान वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे नवा पोरगेला वकील आला, की पहिल्याच दिवशी त्याला ते वाक्य ऐकावं लागतं. बाईंनी लिहिलं होतं की, तारखांची ती विसंगती अर्जदाराच्या लक्षात आली आणि सदर वाक्य अर्जदाराने टाइप करताना स्वतः घातले.

"बाई, काहीतरीच काय लिहिलंय!" मी ओरडलोच. "ते वाक्य माझं आहे!"

बाईंनी वाद घातला नाही. कपाटातून शिंप्याची फाइल काढली आणि मागे टोचलेला माझ्या हातचा मसुदा समोर ठेवला. सहा पानं. मी ती तीनदा चाळली. अकरा तारीख नाही, चौदा नाही, पोस्ट नाही, काहीच नाही. कोंबडीचे पाय होते, वाक्य नव्हतं.

"त्या दिवशी तुम्ही घाईत होतात," बाई म्हणाल्या. "सांगणारच होते. पण कोर्टातून आलात ते इतके खुशीत... मग राहिलं."

"सात नंबर काढा," मी म्हणालो. "लगेच सही देतो."

"तो काढला तर अर्जात उरतं काय, साहेब? तुम्हाला खोटं वाटत असेल तर नका करू सही. पण काढणार नाही मी."

मला भयंकर राग आला. माझ्या ऑफिसात बसून, माझ्या विटेवर पाय ठेवून, मलाच? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. फक्त त्यातला चोर मी होतो, हे कळायला मला चार वाजले. बाई उभ्याच होत्या. घड्याळाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

'वाचले. खरे आहे.' एवढं लिहिलं आणि सही केली. बाईंनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, खिळ्यावरची पिशवी काढली आणि निघाल्या. त्या दारात पोचल्या तेव्हा मला राहवलं नाही.

"बाई, हे असं... त्या एकाच केसमध्ये ना?"

बाई थांबल्या. "सगळ्या फायलींच्या मागे तुमचे मसुदे लावलेत, साहेब. मी एकही टाकलेला नाही."

आणि गेल्या.

बाईंना प्रवेश मिळाला. आता साडेपाचला वीट टेबलाखाली सरकवून त्या वर्गाला जातात. त्यांच्यामागे ऑफिसात मी असतो आणि फायलींनी भरलेली तीन कपाटं असतात. एखादी फाइल लागलीच तर काढतो, पुढची पानं तेवढी बघतो. मागचं पान उलटायची हिंमत मला अजून झालेली नाही.