डाव्या फेंडरचा रंग

सिद्धेश्वरी मंद्रूपची. तिचे वडील चन्नप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचे. पुढं गिऱ्हाईक रंगाऐवजी रेडियम मागू लागलं, तेव्हा त्यांनी ब्रश ठेवून कटर हातात घेतला. दहावीनंतर सिद्धेश्वरी त्यांच्याजवळ बसून अक्षरं कापायला शिकली. खालच्या कागदाला धक्का न लावता वरचं रेडियम तेवढं कापायचं, हे तिच्या बोटांत तिथं बसलं.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. तिचा नवरा बसू, चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर कामाला. तिनं दोन वर्षं मोबाइलच्या दुकानात स्क्रीनगार्ड बसवले. मग होटगी रोडला ऋतुराजनं गाड्यांवर फिल्म चढवायचं दुकान काढलं. हायवेला पुढच्या टिपरमधून खडी उडते, बॉनेटवर बसते आणि रंगाचा टवका जातो. ही पारदर्शक फिल्म रंगावर चिकटवली की दगडाचा मार ती खाते. पण फिल्म गाडीवरच कापायची, तर कटर रंगापर्यंत जाता कामा नये. ऋतुराजनं सिद्धेश्वरीच्या आधी तिघांना कामावर ठेवून पाहिलं होतं. तिघांनीही फिल्मबरोबर रंग कापला. सिद्धेश्वरीच्या हातून तसं झालं नाही.

या कामात हातात बांगडी चालत नाही, ती रंगाला घासते. सासूबाई तानाबाईंना हे रुचलं नाही. "नवरा धडधाकट हाय आन् तू मोकळ्या हातानं हिंडतीस?" त्या म्हणाल्या. दुकानात पाऊल टाकल्यावर बांगड्या काढायच्या आणि निघताना घालायच्या, असं सिद्धेश्वरीनं ठरवलं. याला आता आठ वर्षं झाली.

मागच्या जानेवारीत दिग्विजय नावाच्या एका गिऱ्हाइकानं पांढरी स्पोर्ट्स कार आणली. त्याचा चिंचोळीला पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. गाडी दोन दारांची, नाक जमिनीला टेकेल इतकी खाली. त्यानं ती हैदराबादच्या एका माणसाकडून वापरलेली घेतली होती आणि घेताना 'एकही ओरखडा नाही' असं त्याला सांगण्यात आलं होतं. तिच्यावर आधीच्या मालकानं चढवलेली फिल्म पिवळी पडली होती, समोरून खडीच्या माऱ्यानं खरबरीत झाली होती. ती काढून नवी बसवायची होती.

सिद्धेश्वरीनं फरशी ओली करून धूळ बसवली. गरम हवेचा झोत देत बॉनेटवरची आणि उजव्या बाजूची जुनी फिल्म काढली. ती एकसंध निघाली. मग ती डाव्या फेंडरकडं, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याकडं वळली. इथं तिला फिल्मची ओढ वेगळी लागली, कुठं घट्ट, कुठं सैल. ती थांबली, तोवर उशीर झाला होता. फिल्मच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा पांढरा रंग चिकटून आला होता आणि पत्र्यावर रंगाखालचं करडं अस्तर उघडं पडलं होतं.

ऋतुराज आला, त्यानं पाहिलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, तेवढ्याला टच-अप करू. वरनं नवी फिल्म बसली की कुणाला कळतंय?"

"न्हाय दादा. झाकायचं न्हाय."

"गिऱ्हाईक आपल्यावर ढकलणार की."

"ढकलू दे. मी फोन करते."

दिग्विजय अर्ध्या तासात आला. तो ओरडला नाही, पण त्याचा चेहरा उतरला. "ताई, ही गाडी मी स्वतः धुतो. ड्रायव्हरला हात लावू देत नाही. आणि तुम्ही रंगच सोलून काढलात."

"काडलाय खरं माज्याच हातानं," ती म्हणाली. "पर साहेब, कंपनीचा रंग असा निगत न्हाय. हितं नंतर कुणीतरी रंग मारलाय."

कपाटात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. ते तिनं आणलं आणि त्याच्या हातात दिलं. स्वतः मोजलं असतं तर त्याला पटलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. दिग्विजयनं यंत्र आधी उजव्या फेंडरला टेकवलं. आकडा आला एकशे अठरा. डाव्या फेंडरचा उरलेला रंग मोजला. तीनशे चाळीस, म्हणजे जवळजवळ तिप्पट जाड. त्यानं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा जरा खाली मोजलं. मग बॉनेट उघडून त्या फेंडरचे बोल्ट पाहिले. त्यांच्या कडांवर पान्याचे घाव होते. गाडी कुठंतरी ठोकलेली होती आणि फेंडर बदललेला होता.

तो खुर्चीत बसला. "घरी सगळ्यांना सांगितलं होतं मी, जशी कंपनीतून निघाली तशी आहे म्हणून."

"यात माजीबी चूक हाय, साहेब," सिद्धेश्वरी म्हणाली. "हे यंत्र फिल्म काडायच्या आदी लावायला पायजे हुतं. मग तुमाला सांगून, तुमी व्हय म्हटल्यावरच हात लावला असता. मी न्हाय लावलं."

तो उठला. गाडी तशीच घेऊन गेला.

त्या आठवड्यात तिला काम नकोसं झालं. बसूला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रंग खोटा हुता, तू काय करणार?" ते खरं होतं, पण तिचं समाधान झालं नाही. यंत्र कपाटात पडून होतं, हेच तिला टोचत होतं. तिनं ते बाहेर काढून दारापाशी खिळ्याला टांगलं. तेव्हापासून मोजल्याशिवाय ती कुठल्याच गाडीला हात लावत नाही.

पंधरा दिवसांनी दिग्विजय परत आला. फेंडर पुन्हा रंगवून घेतला होता. "आता बसवा."

तिनं रंगावर बोट फिरवलं. "ताजा हाय. अजून वाळतोय आतनं. महिनाभर तरी थांबा."

"महिनाभर? रोज पुणे रोडनं जातो मी. टिपरच्या मागं."

"मग महिनाभर दुसऱ्या गाडीनं जावा."

तो चिडला. ऋतुराजनंही तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. पण तिनं ऐकलं नाही, आणि तिच्यावाचून दुकानात ते काम करणारं दुसरं कोणी नव्हतं. महिन्यानं गाडी आली. तिनं चार दिवस लावून फिल्म बसवली, कडा दुमडून आत घेतल्या. दिग्विजयनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि "बरं झालंय" एवढंच म्हणाला.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यानं गाडी विकायला काढली. लातूरचे एक डॉक्टर ती बघायला आले, तेव्हा त्यानं त्यांना आधी सिद्धेश्वरीकडं पाठवलं. "विचारा त्यांना काय ते," असं सांगून. तिनं डावा फेंडर दाखवला. तो बदललेला आहे, दोनदा रंगवलेला आहे आणि पहिला रंग आपल्याच हातानं निघाला, हेही सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गाडी न घेता लातूरला परत गेले.

त्या संध्याकाळी दिग्विजयचा फोन आला. "सगळं सांगितलंत?"

"व्हय."

"बरं केलंत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता.

गाडी अजून त्याच्याकडंच आहे. लातूरच्या डॉक्टरांनी पुढं दुसरी गाडी घेतली, नवी कोरी. तिच्यावर फिल्म बसवायला ते शंभरावर किलोमीटर स्वतः चालवत सोलापूरला आले. सिद्धेश्वरीनं ती गाडीही आधी मोजली.