पडद्याआडची शी

पुस्तक धरायची त्यांची एक तऱ्हा होती. अंगठा आणि तर्जनी, बाकीची तीन बोटं लांब, मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकायला निघाल्यासारखी. तसं ते जाडजूड पुस्तक धरून आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शी!"

त्यांची ही 'शी' तुम्ही ऐकायला हवी होती. तुमच्या-माझ्या तोंडून निघते तसली नव्हे. ती थेट पोटातून यायची आणि बाहेर पडण्याआधी नाकाच्या शेंड्यावर जरा थांबायची. इथं बहारीनमध्ये जुफैर भागातल्या महागड्या हॉटेलातल्या बेचव डाळीला शी. लिफ्टमध्ये अत्तराचा भपकारा सोडून गेलेल्या माणसाला शी. नवरा सित्र्याच्या रिफायनरीतून कंपनीच्या बसनं घरी आला की त्याच्या तेलकट बुटांना शी, आणि मग तेच बूट स्वतः घासूनपुसून बाल्कनीत ठेवायच्या.

मूळच्या गुहागरकडच्या. साडी नेसवण्यात त्यांचा हात धरणारं बहारीनमध्ये कुणी नव्हतं. मराठी मंडळाचं हळदीकुंकू असो की कुणाचं डोहाळजेवण, आम्ही बायका त्यांच्यापुढे रांगेत. तोंडात पिना धरून त्या हुकूम सोडायच्या, "पोट आत! खांदे खाली!" ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणाऱ्या बायका त्यांच्यासमोर मुकाट श्वास रोखून उभ्या राहायच्या. मीही त्यातलीच.

तर ते पुस्तक. आम्ही काही जणी दर महिन्याला एका शुक्रवारी जमतो आणि वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. बोलतो म्हणजे निम्मा वेळ खातो. त्या महिन्याला मी एक भाषांतरित कादंबरी निवडली होती, जुन्या काळातल्या चिनी गणिकांवरची. तिच्यात एक आई आहे, तिच्या काळातली गाजलेली गाणारी. ती मुलीला तयार करते. चालायचं कसं, चहा ओतताना मनगट किती दिसू द्यायचं, हसायचं किती. मग तिला श्रीमंत पाहुण्यांसमोर बसवते आणि स्वतः रेशमी पडद्याआड बसून बघते, कोण काय म्हणतंय ते.

मुखपृष्ठावर लाल झग्यातली बाई होती. वहिनींनी आधी त्यावर तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. "घरात पुरुषमाणूस आहे," म्हणाल्या. तो पुरुषमाणूस बिचारा वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यापलीकडे काही वाचत नसे.

"आई म्हणायची का कसाई?" माझ्या सोफ्यावर बसून त्या कडाडल्या. "पोटच्या पोरीला बाजारात मांडते आणि वर तिच्या केसांना तेल लावताना रडते! मला तर जेवण जाईना. शी शी शी!"

"अहो, एवढी किळस येत होती तर शेवटपर्यंत वाचलंत कशाला?"

"पोरगी सुटते का बघायचं होतं."

"मग? सुटते?"

"कसली सुटतेय! शेवटी तीच जाऊन बसते पडद्यामागे. स्वतःच्या मुलीला बघत. आईच होते ती तिची."

एवढं बोलून त्यांनी पुस्तक टीपॉयवर टाकलं आणि बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले. खोटं नाही सांगत.

त्यांना एकच मुलगी. पंचविशीची, बँकेत नोकरीला, इथंच शिकलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. महिनाभर वहिनी तिला जेवताना त्या कादंबरीतले उतारे वाचून दाखवत होत्या, "ऐक, ऐक, काय करते ही बया!" पोरगी बिचारी आमटीभात खाता खाता चिनी गणिकांची कहाणी ऐकायची.

नवऱ्याची नोकरी वर्षाअखेर संपणार होती. गावी परतायच्या आत मुलीचं लग्न व्हायला हवं, हा वहिनींच्या जिवाला लागलेला घोर. एकदा ठरलं की डोळे मिटायला मोकळी, असं त्या उठता-बसता म्हणायच्या. अशात पलीकडच्या सौदीतल्या खोबर शहरातून एक स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, आईवडील त्याच्याकडे राहायला आलेले. शुक्रवारी समुद्रावरच्या पुलावरून गाडीनं येतो म्हणाले. घरचं माणूस हवं म्हणून वहिनींनी मला सकाळपासून वर बोलावून घेतलं.

मी गेले तेव्हा साडी नेसवणं चाललं होतं. अंजिरी रंगाची साडी, आणि एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. मुलीच्या उजव्या हातावर कोपरापासून खाली भाजल्याचा मोठा डाग होता. लहानपणी गणपतीत मोदकपात्राच्या वाफेनं भाजलेला. तो झाकायला त्या बाह्या.

"पोट आत. खांदे खाली. आणि हे बघ, हसलीस की हिरड्या दिसतात तुझ्या. ओठ मिटून हास."

"आई, यू साउंड लाइक दॅट वुमन. तुझ्या पुस्तकातली."

वहिनींच्या तोंडात पिना होत्या म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं. पिना काढून त्या एवढंच म्हणाल्या, "ती विकत होती. मी तुझं भलं बघतेय. सरळ उभी राहा."

पाहुणे आले. मुलगी पोहे घेऊन बाहेर गेली. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये वहिनींनी जुन्या इरकलीचा पडदा शिवून लावला होता. त्याच्याआड आम्ही दोघी उभ्या. मी चहाचा ट्रे घेऊन, आणि वहिनी पडद्याची कड बोटभर सरकवून.

काय सांगू तुम्हाला! मुलगा फोनमध्ये मान घालून बसलेला. त्याचे वडील पोह्यांवरचं खोबरं वेचून खात होते. आणि त्याची आई, तिचा विषय निघाला की आजही माझी जीभ कडू होते. "अगं, बाल्कनीतून समुद्र दिसतो म्हणे, जरा दार उघडून ये ना." समुद्राशी तिला काय देणंघेणं? पोरगी लंगडत तर नाही ना, ते बघायचं होतं. मग तिला शेजारी बसवून तिनं वेणी हातात घेतली, वजन करावं तशी तोलली. "केस स्वतःचेच ना? हल्ली काही सांगता येत नाही बाई." वहिनींचा नवरा कसनुसं हसला. मुलगी ओठ मिटून हसली, शिकवलं होतं तसं.

मग त्या बाईचं लक्ष बाह्यांकडे गेलं. "एवढ्या उकाड्यात?" असं म्हणत तिनं, विचारणं नाही पुसणं नाही, बाही सरळ कोपरापर्यंत वर सारली.

"शी!"

पडद्याआडून. पोटातून आलेली, खणखणीत. मुलाच्या वडिलांचा चमचा हवेतच राहिला. मुलानं पहिल्यांदा मान वर केली. वहिनींनी एका हातानं तोंड दाबलं, पण आता काय उपयोग? क्षणभर त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्याच बोटांत त्याची कड होती. मग ती सोडून त्या बाहेर गेल्या, मुलीची बाही खाली ओढली आणि तिला हाताला धरून उठवलं.

"खलास," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "झालं बघून. पोहे खाऊन जा."

पाहुण्यांनी पोहे खाल्ले नाहीत. नवरा त्यांना सोडायला म्हणून खाली गेला तो बराच वेळ वर आला नाही.

वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. मुलीच्या पदराच्या पिना एकेक करून काढत म्हणाल्या, "त्या बाईला काय बोलायचं? हात मीच लपवला होता ना. माझ्याच घरात, माझ्याच मोदकांनी भाजलेला हात. मलाच लाज वाटली त्याची. शी! माझी मलाच किळस आली गं." मुलगी जवळ सरकली. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसली. मी चहा ओतून दिला आणि खाली आले.

मंडळात व्हायची ती चर्चा झालीच. हातचं स्थळ घालवलं, मुलीचं वय काय थांबतंय का? कुणी तोंडावर विचारलं तर वहिनी बेधडक सांगायच्या, "पाल होती हो पडद्यावर." एवढ्या उंच मजल्यावर पाल! पण खोदून विचारायची छाती कुणाची नव्हती. नवरा मात्र पुढचे कित्येक दिवस ताटाकडे बघून जेवत होता. ठरलेल्या वेळी नोकरी संपली आणि दोघं गुहागरला गेले. मुलगी तिच्या नोकरीवर इथंच राहिली. लग्न काही झालं नाही.

जाताना वहिनींनी ते पुस्तक मला परत केलं. माझ्याकडून ते पुन्हा कधी नेलं होतं देव जाणे. तपकिरी कव्हर मात्र काढलेलं होतं.

परवा मंडळाची दिवाळी होती. संध्याकाळी मुलगी साडी घेऊन माझ्याकडे आली, तीच अंजिरी साडी. ब्लाउज मात्र बिनबाह्यांचा. मला कुठली धड साडी नेसवता येतेय! निऱ्या हातात घेतल्या आणि बघते तर पोरगी श्वास रोखून, पोट आत घेऊन ताठ उभी. कुणी काही सांगितलंही नव्हतं.

"शी!" माझ्या तोंडून गेलं. "सोड गं ते पोट. श्वास घे."

ती जी हसायला लागली ती थांबेचना. निऱ्या पुन्हा सुटल्या. शेवटी जमेल तशी साडी खोचली, मी तिचा फोटो काढला आणि तिनं तो आईला पाठवला.

लगेच आवाजी निरोप आला. तिनं मला ऐकवला. "शी! कुणी नेसवली ही साडी?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय तोवर दुसरा आला. त्यात आधी नुसतंच नाक ओढल्याचा आवाज, आणि मग, "हिरड्या दिसतायत. दिसू देत."